पुण्याच्या वाटांसाठी एमटीबीचे ट्यूबलेस टायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी सायकल आली की पहिले काही आठवडे गिअर, ब्रेक आणि सस्पेन्शनचंच कौतुक चालतं. टायरकडे लक्ष जातं ते वेताळ टेकडीवरून सायकल ढकलत खाली यायची वेळ आल्यावर. इथले प्रश्न एमटीबीवरच्या, म्हणजे डोंगरवाटांसाठी बनवलेल्या जाड टायरच्या सायकलवरच्या, क्रॉस-कंट्री (चढ-उताराच्या कच्च्या वाटांच्या) आणि लांब पल्ल्याच्या रपेटीचे आहेत. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब नसते, भोकं बुजवणारा सीलंट नावाचा पातळ द्रव असतो. मोठ्या उड्या मारणाऱ्या आणि फक्त उताराला सुटणाऱ्या मंडळींचं गणित वेगळं असतं. खाली दिलेले हवेचे आकडे तर त्यांनी मुळीच वापरू नयेत.

पुण्यात ट्यूबलेस खरंच लागतं, की हा दुकानदारांचा धंदा आहे?

कच्च्या वाटांवर जात असाल तर लागतं. त्याचं मुख्य कारण म्हणजे सराटे. गोखरूचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात, प्रत्येकाला दोन मोठे टोकदार काटे असतात, आणि तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर तोंड करून बसतोच. पावसाळा संपून गवत वाळलं की दिवे घाटाच्या वर सासवडकडे एखादा बैलगाडीचा रस्ता धरा. थोडं अंतर गेल्यावर थांबून मागचं चाक हाताने फिरवा, रबरात रुतलेले करडे ठिपके दिसतील. ट्यूब असेल तर त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक पंक्चर. ट्यूबलेसमध्ये काटा उपसला की फुस्स होतं, पांढरा थेंब बाहेर येतो, भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवलं की क्षणभरात आवाज बंद. पुढे निघायचं.

दुसरा फायदा कमी हवेचा. ट्यूबमध्ये हवा कमी ठेवली की ती दगड आणि रिम यांच्यात चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. चिमटायला ट्यूबच नसेल तर हवा बरीच उतरवता येते, आणि खडबडीत वाटेवर खरी मजा तिथून सुरू होते. मऊ टायर दगडावरून उसळत नाही, त्याला कवेत घेऊन पुढे जातो. चढावर मागचं चाक सुटत नाही आणि दिवसाच्या शेवटी मनगटं दुखत नाहीत.

मात्र ज्यांची सायकल सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी धावते आणि रविवारी खडकवासल्याला कांदाभजी खाऊन परत येते, त्यांनी ट्यूबच ठेवावी. उगाच दर दोन-तीन महिन्यांनी सीलंटचा व्याप कशाला?

माझ्या सायकलला ट्यूबलेस बसेल का?

हा प्रश्न टायरपेक्षा रिमचा आहे. रिमवर किंवा सायकलच्या माहितीपत्रकात ‘ट्यूबलेस रेडी’ लिहिलं असेल तर टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट एवढंच लागतं. अशा रिमला आतून बीड (टायरची रिममध्ये अडकणारी कडक कडा) बसायला एक सपाट कडा असते आणि तिच्यापुढे छोटा उंचवटा असतो, त्यामुळे हवा कमी झाली तरी बीड आत घसरत नाही. स्वस्तातल्या पुष्कळ सायकलींच्या रिमला हे दोन्ही नसतं. टेपवर टेप गुंडाळून त्यांनाही ट्यूबलेस करणारे कारागीर आहेत, पण वळणावर कमी हवेत बीड सुटला तर माणूस थेट जमिनीवर. त्या वाटेला जाऊ नये. पैसे साठवून चाकं बदलावीत.

रिमला मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तरी बिघडत नाही, त्या मापाचे ट्यूबलेस व्हॉल्व्ह मिळतात.

मापाचा घोळ टाळायचा तर टायरच्या बाजूवरचा मिलिमीटरचा आकडा वाचा. २६ इंचीला ५५९, साडेसत्तावीस इंचीला ५८४ आणि २९ इंचीला ६२२. टायरवर ५७-६२२ लिहिलं असेल तर तो साधारण सव्वादोन इंच रुंद, २९ इंची टायर. २६ इंचीवाल्यांना हल्ली निवडीला फारसा वाव नसतो. चांगला टायर दिसला की जोडी घेऊन ठेवावी.

टायर निवडताना सगळ्यात आधी काय पाहायचं? नक्षी की वजन?

दोन्ही नाही. आधी साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, पाहायची.

परदेशी परीक्षणं वाचून टायर घेणाऱ्यांचं इथेच चुकतं. त्यात वजनाची आणि नक्षीची चर्चा पानभर असते आणि साइडवॉलला जेमतेम एक ओळ. ज्यांच्याकडे जंगलातली मऊ, पानं कुजलेली माती आहे त्यांना ते चालतं. आपल्याकडे खाली बसाल्ट आहे. तो फुटतो तेव्हा धारदार कडा सोडून फुटतो, आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेली खडी तर मुद्दाम फोडलेलीच असते. पानशेतच्या बाजूला अर्धवट सोडलेल्या रस्त्यांवर ती खडी सुटी पडलेली असते. चाक तिच्यावरून सरकलं की दगड कलंडतो आणि त्याची धार टायरच्या बाजूला लागते. नक्षीत घुसलेला काटा सीलंट बुजवतं. साइडवॉलला गेलेला बोटाच्या पेराएवढा काप ते बुजवत नाही, आणि तिथे रबर पातळ असल्याने प्लगही (भोकात खुपसायची चिकट पट्टी) धड धरत नाही.

म्हणून एकाच टायरचे दोन प्रकार समोर आले तर बाजूला जादा थर असलेला घ्या. मॅक्सिसमध्ये त्याला ‘एक्सो’ म्हणतात, श्वाल्बेमध्ये ‘सुपर ग्राउंड’, कॉन्टिनेंटलमध्ये ‘प्रोटेक्शन’. टायरमागे थोडं वजन वाढतं. ट्यूब काढल्यावर वाचलेलं वजन तिकडे गेलं असं समजा: २९ इंची ट्यूब साधारण २०० ग्रॅमची असते आणि तिच्या जागी १०० ग्रॅमच्या आसपास सीलंट येतं. शर्यतीसाठी बनवलेले कागदासारखे पातळ टायर हातात घेतल्यावर मोह होतो, पण ते शर्यतीच्या दिवसापुरतेच ठेवावेत.

टीपीआय म्हणजे काय? जास्त असला की टायर चांगला का?

केसिंगमध्ये, म्हणजे टायरच्या रबराखालच्या कापडात, दर इंचाला किती धागे आहेत त्याचा तो आकडा. १२० टीपीआयचे धागे बारीक असतात, त्यामुळे टायर लवचिक आणि हलका होतो, चालायलाही सुरेख लागतो. ६० टीपीआयचा जाड, थोडा अडदांड, पण मार खाणारा. शिवाय काही कंपन्या एका थराचे धागे मोजतात आणि काही सगळ्या थरांची बेरीज छापतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. मागच्या चाकाला ६० टीपीआय आणि जाड साइडवॉल मिळत असेल तर आनंदाने घ्या. पुढे १२० चालेल.

रुंदी किती घ्यावी?

२.२५ ते २.४ इंच. रिमची आतली रुंदी २५ मिलिमीटर असेल तर हा सगळा पट्टा चालतो, ३० असेल तर २.३५ पासून वर. जुन्या १९-२१ मिलिमीटरच्या रिमवर २.२५ च्या पुढे जाऊ नका. टायर बल्बसारखा फुगतो आणि वळणावर डुलतो.

अरुंद टायर जोरात पळतो ही समजूत डांबरी रस्त्याची. खडबडीत जमिनीवर प्रत्येक दगडावर उसळण्यात ताकद जाते, आणि रुंद टायर कमी हवेत ती वाचवतो. फ्रेममध्ये जागा मात्र तपासा. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना निदान पाच-सहा मिलिमीटर फट हवी, आणि चिखलात जाणार असाल तर आणखी जास्त.

पुढे आणि मागे एकच टायर लावू का?

लावू शकता, पण वेगळे लावले तर जास्त सुख लागेल. पुढचं चाक घसरलं तर माणूस पडतो. मागचं घसरलं तर बहुतेक वेळा नुसताच दचकतो. त्यामुळे पुढे पकड जास्त, मागे वेग जास्त.

बाजारातल्या जोड्यांकडे पाहिलं तर हेच दिसेल. श्वाल्बेने तर रेसिंग रे पुढच्या चाकासाठी आणि रेसिंग राल्फ मागच्यासाठी अशी जोडीच बनवली आहे. व्हिटोरियात बार्झो पुढे आणि मेझकाल मागे. मॅक्सिसमध्ये रेकॉन पुढे, आयकॉन किंवा रेकॉन रेस मागे. यातली शेवटची जोडी हडपसर ते लोणावळा कुठेही लाज आणणार नाही. तळजाई, वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणच्या सुक्या मुरमाड वाटांवर मागे बारीक नक्षीचा टायर पुरतो. मुरमावर मोठे नॉब (नक्षीचे उंच गुटके) उपयोगाचे नसतात, कारण ते रुतायला खाली मऊ माती नसते. तिथे बाजूचे नॉब कामाला येतात, सुट्या खड्यांवर वळताना तेच धरून ठेवतात. मधली नक्षी बारीक आणि कडेचे नॉब ठसठशीत, असा टायर शोधा.

बसवताना बाजूवरचा बाण पाहायला विसरू नका. दुकानातही तो उलटा बसवून मिळतो.

पावसाळ्यासाठी वेगळे टायर लागतात का?

कुठे जाता त्यावर आहे. पुणे शहराच्या पूर्वेला पाऊस कमी आणि काटे जास्त. पश्चिमेला मुळशी-ताम्हिणीकडे जाल तसा पाऊस कैक पटींनी वाढतो, काटे कमी होतात आणि शेवाळ सुरू होतं. ओल्या शेवाळलेल्या कातळावर कुठलीच नक्षी चालत नाही, तिथे फक्त रबर किती मऊ आहे हेच चालतं. श्वाल्बेच्या टायरवरची रंगीत रेघ त्यासाठीच असते: लाल म्हणजे वेगाचं कडक रबर, निळी मधली, नारिंगी मऊ. मॅक्सिसचं ‘थ्री-सी मॅक्सस्पीड’ वेगासाठी, ‘मॅक्सटेरा’ पकडीसाठी. पावसाळ्यात पुढचा एकच टायर मऊ रबराचा बदलला तरी फरक कळतो. मऊ रबर डांबरावर लवकर झिजतं, म्हणून ते मागे लावायची घाई नको.

काळ्या मातीबद्दल मात्र सरळ सांगतो: ओल्या काळ्या मातीत चालणारा टायर कोणी बनवलेला नाही. ती चाकाला चिकटते, तिच्यावर पुढचा थर चिकटतो, आणि शंभर पावलांत चाक फ्रेमला अडून थांबतं. विरळ नॉबचा टायर माती थोडी लवकर झटकतो, एवढंच. पाऊस पडून गेल्यावर शेतातल्या वाटेला न गेलेलं बरं. वाट खराब होते ती वेगळीच, आणि शेतकरीदादा चिडतात ते बरोबरच आहे.

हवा किती ठेवू?

टायरवर छापलेला सगळ्यात मोठा आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नाही. रस्त्यावर अर्धे लोक तोच भरून फिरतात.

२.२५ ते २.३५ इंची टायर आणि सत्तर किलोच्या आसपासचा माणूस धरला तर पुढे २० ते २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि मागे २३ ते २५ पासून सुरुवात करा. साठ किलोवाल्यांनी दोनेक कमी, पंच्याऐंशीवाल्यांनी तीनेक जास्त. मग एका ओळखीच्या उतारावर जाऊन एकेक पीएसआय उतरवत पाहा. दगडावर रिम खणकन वाजली तर जास्त उतरली, दोन परत भरा. वळणावर टायर बाजूला लोळल्यासारखा वाटला तरीही तेच. पाठीवर सामान असेल, दगडाळ रस्ता असेल, तर मागे आणखी दोन. हुकलेस रिम (बीड अडकवायला आतून आकडा नसलेली) असेल तर तिच्यावरची मर्यादा वेगळी छापलेली असते, ती आधी वाचा.

यासाठी छोटं डिजिटल गेज घ्या. फूटपंपाच्या तबकडीवर २० आणि २५ मधला फरक काटाभर असतो, आणि इथे सगळा खेळ त्या पाच पीएसआयचाच आहे.

हवेला ऋतूही लागतो. डिसेंबरच्या पहाटे बारा अंशात भरलेली हवा दुपारी तिशीत गेली की दोनेक पीएसआय आपोआप वाढते. आणि लेह-मनालीला सायकल नेणार असाल तर पुण्याच्या हिशोबाने भरलेला टायर पाच हजार मीटरच्या खिंडीत पाच-सहा पीएसआय जास्त दाखवेल, कारण बाहेरची हवा विरळ झालेली असते. वर पोहोचून परत मोजा.

एमटीबीवर दोनशे-तीनशे किलोमीटरची बीआरएम करायची आहे. कोणते टायर?

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची रपेट. एमटीबीवर ती करता येते. दोनशेला साडेतेरा तास मिळतात, तीनशेला वीस, आणि एमटीबीवर बसायला आरामही असतो. मार्ग जवळजवळ पूर्ण डांबरी असल्याने इथे नियम थोडे उलटतात. मधल्या नॉबची रांग सलग असलेला, बारीक नक्षीचा टायर हवा: मेझकाल, रेस किंग, एस्पेन, थंडर बर्ट यांपैकी कोणताही. हवा २८ ते ३२ पर्यंत चढवा. ठळक नॉबचा टायर डांबरावर भुणभुण आवाज करत राहतो. तो आवाज म्हणजे तुमचीच ताकद. पहिल्या पन्नासात जाणवत नाही, रात्रीच्या घाटात जाणवते.

डांबर आणि कच्चा रस्ता मिसळलेली, सामान लादून केलेली अनेक दिवसांची सफर असेल तर माझं मत मेझकालच्या बाजूने आहे. त्याहून जोरात पळणारे टायर आहेत, पण तो हळूहळू आणि सारखा झिजतो, आणि आडगावात दुसरा टायर मिळणार नसतो तेव्हा तेच महत्त्वाचं. शर्यतवाले असहमत होतील.

सीलंट किती आणि कधी भरायचं?

२९ इंचीला १०० ते १२० मिली, २६ इंचीला ऐंशीच्या आसपास. नवा टायर पहिल्या वेळी थोडं पिऊन घेतो, तेव्हा हात आखडू नका. बाटली खूप हलवा, कारण भोक बुजवणारे कण तळाशी बसलेले असतात.

लॅटेक्सचं सीलंट वाळतं, आणि पुण्याच्या मार्च ते मे मध्ये भराभर वाळतं. गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली सायकल असेल तर विचारूच नका. उन्हाळ्यात सहा-आठ आठवड्यांनी, एरवी तीन महिन्यांनी तपासा. चाक कानाशी धरून हलवलं की आत खळखळ ऐकू यायला हवी. व्हॉल्व्हची कोर (आतला फिरवून निघणारा भाग) काढून बारीक काडी आत घातली तर ओल किती तेही दिसतं. वाळलेल्या सीलंटचे आत रबरी गोळे होतात, टायर काढाल तेव्हा ते सोलून टाका.

मोटरसायकलच्या ट्यूबलेस टायरचं जाड सीलंट सायकलीत घालू नये. ते इतक्या कमी हवेत आणि इतक्या पातळ टायरमध्ये नीट पसरत नाही, चाक जड होतं ते वेगळंच.

ट्यूबमध्येच सीलंट भरलं तर?

सराट्यांसाठी चालतं, स्वस्तही पडतं. चिमटून पडलेली भोकं मात्र ते बुजवत नाही, त्यामुळे हवा कमी करता येत नाही. ट्यूबलेसचा अर्धा फायदा मिळाला असं समजा.

घरी बसवता येतं का?

येतं. जागा बाथरूममध्ये निवडा, बैठकीच्या खोलीत नाही. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद हवी आणि ताणून लावायला हवी. खाली हवेचा बुडबुडा राहिला तर तिथूनच गळती सुरू होते. टायर चढवा, बीडला साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हची कोर काढा आणि आधी सीलंटशिवाय हवा भरून पाहा. दोन-चारदा टण्‌-टण्‌ आवाज होतो आणि टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते. मग हवा सोडा, व्हॉल्व्हमधून सीलंट घाला, कोर लावा, परत भरा, आणि चाक आडवं धरून दोन्ही बाजूंना हलवत फिरवा.

साध्या फूटपंपाने बीड बसत नसेल तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर गाठा. त्याचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं, म्हणून बारीक व्हॉल्व्हवर चढणारा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. काका सवयीने हवा भरतच राहतात. टायरवरची मर्यादा त्यांना आधी सांगा आणि बोट व्हॉल्व्हजवळ ठेवा.

वाटेत टायर कापला तर?

प्लगची पट्टी, छोटा पंप, एक जादा ट्यूब आणि टायर लिव्हर. यातलं एकही वगळू नका. मोटरसायकलच्या ट्यूबलेससाठी पंक्चरवाले जी जाड दोरी घालतात, तिच्यासाठी आधी कानस फिरवून भोक मोठं करतात. सायकलच्या पातळ केसिंगला ते करू देऊ नका, सायकलचे बारीक प्लग स्वतःजवळ ठेवा.

काप मोठा असेल तर आतून काहीतरी आडवं लावून ट्यूब घालायची. दहाची नोट घडी करून लावली तर घरापर्यंत पोहोचवते. आपल्या नोटा सुती धाग्यांच्या कागदाच्या असतात, लवकर फाटत नाहीत. ट्यूब घालण्यापूर्वी मात्र टायरच्या आतून हात फिरवा: सीलंटने बुजवलेले सगळे जुने काटे आत टोचून उभे असतात आणि नव्या ट्यूबची पाच मिनिटांत चाळण करतात. हात सावकाश फिरवा, बोटालाही तेच होतं.

कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने हवा भरली तर लॅटेक्सच्या गुठळ्या होऊ शकतात. अडचणीत वापरा, घरी येऊन सीलंट तपासा.

आत फोमचा इन्सर्ट घालावा का?

टायरच्या आत रिमभोवती बसणारं हे फोमचं कडं क्रॉस-कंट्रीसाठी सहसा नको. वजन वाढतं, बसवताना घाम निघतो, आणि वाटेत ट्यूब घालायची वेळ आली तर तो बाहेर काढून कुठे ठेवायचा हा नवा प्रश्न. वारंवार रिम ठोकणाऱ्यांनी फक्त मागे घालून पाहावा.

टायर कधी बदलायचा?

मधल्या नॉबच्या कडा गोल झाल्या की चढावर मागचं चाक सुटायला लागतं, ती पहिली खूण. केसिंगचे धागे दिसले, साइडवॉलमधून सीलंट घामासारखं पाझरायला लागलं किंवा टायरला फुगवटा आला तर त्याच दिवशी उतरवा. एरवी मागचा आधी झिजतो. पुढच्याची नक्षी मागे चालण्यासारखी असेल तर तो मागे घ्या आणि नवा टायर नेहमी पुढे लावा. काढलेला टायर फेकू नका. त्याच्या साइडवॉलचे तळहाताएवढे दोन तुकडे कापून सामानात ठेवा, नोटेपेक्षा ते चांगले टिकतात. फक्त बीडची जाड कडा छाटून टाका, नाहीतर आत नीट बसत नाहीत.